गिनी फाऊल संध्याकाळी घरी येत नाहीत, झाडावरच बसतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की अमळनेरजवळच्या शेतावर 20 मोठे पक्षी विकत आणले, तीन दिवस कोंडून मोकळे सोडले, आणि महिनाभरात 9 उरले. तेही रात्री बांधावरच्या निंबावर बसतात. मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, सहा वर्षं हे पक्षी पाळतोय. तुमचे 9 वाचू शकतात, पण आजच हालचाल करा.

चूक त्या तीन दिवसांत आहे. हा मूळचा आफ्रिकेतला, रात्री झाडावर बसणारा पक्षी. गावरान कोंबडी आठवड्यात खुराड्याला रुळते, याला निदान 4 ते 6 आठवडे लागतात. त्यातून मोठेपणी आणलेल्या पक्ष्याच्या डोक्यात जुनंच घर असतं.

आधी ते 9 खाली उतरवा. अंधारात यांना जवळजवळ काही दिसत नाही, म्हणून रात्री शिडी आणि मंद बॅटरी घेऊन दोघं जण जा. पाय धरून ओढू नका, पाय लगेच दुखावतात. दोन्ही पंखांवरून हात घालून अंगाशी धरा. मग महिना-दीड महिना शेडमध्येच ठेवा, पण शेडची एक बाजू जाळीची हवी. आतून त्यांना खळं, विहीर, तुमची येजा रोज दिसली पाहिजे. रोज संध्याकाळी बाजरीचा डबा वाजवायचा आणि मगच दाणे टाकायचे. बाजरीवर यांचा फार जीव.

सोडताना सगळे एकदम सोडू नका. पहिल्या दिवशी फक्त दोन, तेही संध्याकाळच्या दाण्याच्या तासभर आधी. थव्याशिवाय या पक्ष्याला करमतच नाही. आतले ओरडत राहतात, बाहेरचे शेडभोवती घुटमळतात आणि डबा वाजला की आत येतात. दोन-तीन दिवसांनी चार सोडा, मग सहा. सगळे बाहेर पडू लागले तरी संध्याकाळचं खाणं आतच, बाहेर एक दाणाही नको.

एवढं सगळं करूनही पहिल्या वर्षी माझे पक्षी दारापर्यंत यायचे, आत डोकावायचे आणि उडून चिंचेवर जायचे. मला कारणच कळेना. आमचा सालदार म्हणाला, "भाऊ, आत एवढा अंधार, ते कसे शिरतीन?" त्याचं खरं होतं. अंधारी जागा दिसली की हा पक्षी पाऊल टाकत नाही. त्या दिवसापासून आत दिवा लावायला लागलो आणि आठवड्याभरात चिंच रिकामी झाली. लाइटचा भरवसा नसेल तर सौर कंदील ठेवा. सगळे दांडीवर बसले, दार लागलं, की दिवा बंद. दांडी 4-5 फूट उंच ठेवा, उंचावर बसायला मिळालं नाही तर त्यांना झाडच बरं वाटतं. आणि घड्याळ बघू नका. सूर्य मावळायच्या अर्धा-पाऊण तास आधी डबा वाजला पाहिजे, थंडीत लवकर, उन्हाळ्यात उशिरा.

झाडावर सुरक्षित असतात असं पुष्कळ जण सांगतील, ऐकू नका. त्याच चिंचेखाली एका सकाळी मला नुसती पिसं सापडली होती. घुबड आणि रानमांजर दोघांनाही झाड वर्ज्य नाही. शेडची जाळी बारीक घरांची घ्या आणि फूटभर जमिनीत पुरा, कारण मुंगूस उकरून आत येतं. मुंगसासाठी विष मात्र कधीच ठेवू नका, तो संरक्षित प्राणी आहे, आणि तेच विष तुमचे पक्षी, कुत्रीही खातील. कपाशीवर फवारणी झाली असेल तर काही दिवस पक्षी कोंडूनच ठेवा, हे मेलेले किडेही वेचून खातात. पंख कापायचा सल्लाही मला पटत नाही. कुत्रं मागे लागलं तर उडणं एवढंच त्याच्या हाती असतं.

उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत एखादी मादी संध्याकाळी आलीच नाही, तर ती गवतात किंवा बांधाच्या झुडपात अंड्यांवर बसली आहे असं समजा. रात्री जमिनीवर बसलेली मादी कोल्ह्याला, कुत्र्याला आयती सापडते. माझ्या सगळ्यात जास्त माद्या अशाच गेल्या. म्हणून अंड्यांच्या दिवसांत मी दुपारी एकपर्यंत दार उघडत नाही, बरीचशी अंडी आतच पडतात. ती खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवतो. कोंबडीची पिल्लं 21 दिवसांत निघतात, यांना 26 ते 28 दिवस लागतात, तेव्हा धीर धरणारी जुनी कोंबडी निवडा. पिल्लांना सकाळच्या दवात सोडू नका, भिजली की मरतात. पुढच्या वेळी मोठे पक्षी विकत घेण्यापेक्षा हेच करा. कोंबडीमागे वाढलेली पिल्लं तिच्या मागोमाग खुराड्यात शिरतात, त्यांना मला वेगळं शिकवावं लागलेलं नाही.