वाचकांचे प्रश्न: नेट सारखं जातंय, राउटर बदलू का?

या वेळी बहुतेक पत्रं नेटबद्दलच आलीत आणि जवळपास सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच आहे, नवीन राउटर घेऊ का. म्हणून यावेळचं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न: दादा, आमच्याकडं फायबरचं कनेक्शन हाय. दिवसभर बरं चालतंय पण संध्याकाळी सातनंतर सारखं बंद पडूलालंय, पोराचा क्लास ऑनलाइन असतो तो नेमका तेव्हाच. केबलवाल्याला बोलावलं तर तो डब्याकडं बघतो आणि म्हणतो राउटर जुना झालाय, नवीन घ्या, अडीच हजार लागतील. घ्यावा का?
– एक ताई, विडी घरकुल

उत्तर: ताई, आत्ताच पैसे देऊ नका. केबलवाला खोटं बोलतोय असं नाही, पण नुसतं डब्याकडं बघून राउटर गेलाय हे कुणालाच सांगता येत नाही. आणि जो राउटर सकाळी नीट चालतो, दुपारी नीट चालतो, तो फक्त सातनंतरच खराब होतो हे मला पटत नाही. संध्याकाळी काय बदलतं ते बघायला पाहिजे.

पुढच्या वेळी नेट गेलं की लगेच बंद-चालू करू नका (आपण सगळे तेच करतो आणि पुरावा पुसून टाकतो), आधी डब्यावरचे दिवे बघा. पॉन (PON) लिहिलेला हिरवा दिवा स्थिर पाहिजे. लॉस (LOS) लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून उजेडच येत नाहीये, म्हणजे बिघाड लाइनीत आहे आणि दहा हजारांचा राउटर आणला तरी फरक पडणार नाही.

दिवे ठीक असतील तर पुढची परीक्षा. पोराच्या लॅपटॉपला लॅनची वायर थेट डब्यातून जोडा, वायफाय बंद करा, कमांड प्रॉम्प्ट (विंडोजची काळी खिडकी) उघडून आधी डब्यालाच पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढं पत्ता टाका, उत्तर किती वेळात येतं ते दिसतं, पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असतो, डब्याच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. मग ८.८.८.८ ला करा, तो गुगलचा सर्व्हर आहे. डब्याचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदात येतंय पण गुगलचं मधेच तुटतंय नाहीतर चारशे-पाचशेवर जातंय, तर राउटर ठीक आहे, दोष त्याच्या पुढं, लाइनीत नाहीतर कंपनीकडं आहे. वायरीवर दोन्ही मस्त चालतंय आणि वायफायवरच रडतंय, तर दोष वायफायचा. या एका परीक्षेनं निम्म्याहून जास्त भांडणं मिटतात.

आता तुमच्याकडं काय असू शकतं. विडी घरकुलात घराला घर लागून आहे, भिंतीपलीकडं शेजाऱ्याचा राउटर, त्याच्यापलीकडं अजून एक, आणि संध्याकाळी सगळे घरी आले की सगळेच सुरू. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनल, म्हणजे वाटा, तीनच आहेत, १, ६ आणि ११. बाकी सगळे यांच्यात घुसतात. मोबाइलवर वायफाय अॅनालायझरचं कुठलंही फुकटचं अॅप टाका, कोणत्या चॅनलवर गर्दी कमी आहे बघा आणि राउटरच्या सेटिंगमधे ‘ऑटो’ काढून तो चॅनल लावा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. राउटरला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर क्लासचा लॅपटॉप त्याच्यावर घ्या आणि राउटरच्याच खोलीत बसवा. याला एक रुपया लागत नाही.

वायरीवर पण संध्याकाळी मार खात असेल तर ती कंपनीकडची गर्दी. जीपॉन फायबरमधे (घरोघरी येणारा फायबरचा नेहमीचा प्रकार) एका लाइनीवर साधारण अडीच जीबीपीएस येतं आणि ते स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांना वाटतात, पुढं कंपनीनं स्वतः किती बँडविड्थ घेतलीय तो वेगळाच विषय. हे राउटर बदलून सुटत नाही, तक्रारीनंच सुटतं, सुटलं तर.

अजून एक गोष्ट नक्की बघा. भिंतीतून डब्यापर्यंत जी बारीक पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड येते ती कपाटामागं दाबली गेलीय का, दारात चेमटलीय का, खिळ्याला गुंडाळलीय का. तांब्याची वायर वाकवली तर चालतं, फायबरच्या आत काच असते, बोटाएवढ्या वेटोळ्यात वाकवलं की उजेड बाहेर गळतो. नेट पूर्ण बंद पडत नाही, येतं-जातं, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. कपाट चार बोटं पुढं ओढा. हिरवं कनेक्टर मात्र स्वतः काढू नका आणि त्याच्या तोंडात डोळा लावून तर अजिबात बघू नका, लेझर दिसत नाही पण डोळ्याला धोका असतो. केबलवाल्याला म्हणा मीटर लावून उजेडाची पॉवर दाखव. ती डीबीएम या मापात दिसते, उणे २० च्या आसपास असेल तर छान, उणे २५ च्या पलीकडं काठावर, उणे २७-२८ ला लाइन तुटायला लागते. आकडा वहीत लिहा, तारीख-वेळ टाका. आणि तक्रार फक्त केबलवाल्याला तोंडी सांगू नका, कंपनीच्या नंबरवर करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या. दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडं अपील करता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमात ही दुसरी पायरी आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. डॉकेट नंबर नसेल तर तिथं बोलायला काहीच राहत नाही.

प्रश्न: १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे पण पिक्चर डाउनलोड करताना १२ च दाखवतं. फसवणूक आहे का?
– एक विद्यार्थी, दयानंद कॉलेजजवळ

उत्तर: नाही. प्लॅन मेगाबिटमधे असतो, डाउनलोड मेगाबाइटमधे दाखवतं, ८ बिटचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. तुझं नेट उत्तम आहे, काही बदलू नकोस.

प्रश्न: आमचं घर नवी पेठेत, जुना दगडी वाडा. राउटर खाली सोप्यात आहे, माडीवर रेंजच नाही. रिपीटर आणून लावला तर रेंजच्या दांड्या फुल दिसतात पण व्हिडिओ कॉल अडकतोच. आता मेश (दोन-तीन डबे मिळून एकच वायफाय देणारा संच) घ्या म्हणतात, सात-आठ हजार.
– एक आजोबा, नवी पेठ

उत्तर: काका, दोन-अडीच फुटांची दगडमातीची भिंत असेल तर कुठलंही वायफाय तिथं थकतं, ५ गिगाहर्ट्झ तर जवळजवळ नाहीच जात. आणि साधा रिपीटर एकाच रेडिओवर खालून घेतो आणि त्याच रेडिओवर वर देतो, त्यामुळं वेग निम्म्यावर येतो. दांड्या फुल दिसतात त्या तुमच्या फोनपासून रिपीटरपर्यंतच्या, रिपीटरपासून राउटरपर्यंत काय हाल आहेत ते फोनला कळतच नाही. मेश घेतला तरी मधली भिंत तीच राहणार.

माझं ठाम मत, खालून माडीपर्यंत लॅनची एक कॅट सिक्स वायर ओढा. १०० मीटरपर्यंत चालते, वाड्यात एवढी लागणारच नाही. जिन्याच्या कडेनं पाइपातून घ्या, चौकात उघडी टाकू नका, आपल्याकडच्या उन्हात वरचं प्लास्टिक तडकतं. आणि वर लावायला नवीन काही घेण्याआधी कपाटात जुना राउटर पडलाय का बघा, बऱ्याच घरात असतो. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा (खालचा १.१ असेल तर), डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि खालून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टमधे (बाहेरचं नेट घ्यायचा) न लावता लॅन पोर्टमधे लावा. झालं, वर स्वतंत्र वायफाय. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर घरात दोघं पत्ते वाटायला बसतात आणि मग कधी चालतं कधी नाही असा भलताच घोळ होतो, तेवढं नातवाकडून तपासून घ्या.

प्रश्न: अक्कलकोट रोडला आमचे पॉवरलूम आहेत, वर पत्र्याच्या खोलीत ऑफिस. एप्रिल-मेमधे दुपारी राउटर आपोआप बंद होऊन चालू होतो. मागच्या वर्षी एक बदलला, नवा पण तसंच करूलालाय.
– एक कारखानदार

उत्तर: नवा पण तसंच करतोय हीच सगळ्यात कामाची माहिती आहे, म्हणजे राउटर गुन्हेगार नाही. बंद होताना सगळे दिवे जातात की फक्त इंटरनेटचा? सगळे जात असतील तर बिघाड वीज नाहीतर गरमीचा.

घरगुती राउटर साधारण ४० अंशापर्यंत चालायला बनवलेले असतात, कागदावर तसं छापलेलं असतं. सोलापुरात मे महिन्यात बाहेर सावलीतच ४२-४३ पर्यंत जातं, पत्र्याखाली किती होत असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यात लूमचे सुताचे तंतू आणि धूळ राउटरच्या जाळीवर बसून गादी होते, हवा खेळत नाही. राउटर पत्र्यापासून खाली आणा, पक्क्या भिंतीवर उभा लावा, जाळी ब्रशनं साफ करा. टीव्हीच्या, इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवू नका.

मग अॅडॉप्टर. लूम सुरू होताना व्होल्टेज बसतं, दमलेला अॅडॉप्टर तेवढा झटका सोसत नाही आणि राउटर रिस्टार्ट होतो. मागच्या वर्षी राउटर बदलताना अॅडॉप्टर जुनाच ठेवला होता का ते आठवा, पुष्कळ ठिकाणी वायर ओढायचा कंटाळा म्हणून तसंच करतात. नवीन घेताना व्होल्ट तेवढेच पाहिजेत, १२ म्हणजे १२, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत, पिन आणि प्लस-मायनस जुळलं पाहिजे. तीनेकशे रुपयांत काम होतं. त्याच्या पुढं जायचं तर राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो तुमच्यासारख्या ठिकाणी नक्की घ्या, लाइट गेली तरी बिल-चलनाचं काम थांबत नाही. आणि वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, बाहेरून तांब्याची लॅन वायर आली असेल तर ती पण काढा.

प्रश्न: मग बदलायचा कधी, ते एकदा स्पष्ट सांगा.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: सांगतो. अॅडॉप्टर बदलून, थंड जागी ठेवून, लाइन तपासूनही वायरीवरच डबा अडकत असेल तर बदला. प्लॅन २०० चा आहे आणि राउटरचे पोर्ट १०० चेच आहेत तर बदला, तिथं कितीही डोकं लावलं तरी ९४-९५ च्या वर जाणार नाही (पण आधी लॅनची वायर बदलून बघा, आठातली एक तार तुटली तरी गिगाबिट (हजार एमबीपीएसचा) पोर्ट १०० वर उतरू शकतो). फक्त २.४ वाला एका अँटेनाचा राउटर आणि घरात टीव्ही, दोन लॅपटॉप, पाच मोबाइल असतील तरी बदला. घ्यायचाच तर ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही), गिगाबिट पोर्ट आणि वायफाय ६ बघा, दांडके किती आहेत ते मोजत बसू नका.

पण दुकानात जायच्या आधी बिल काढून बघा, बऱ्याच वेळा डबा कंपनीचाच असतो, डिपॉझिट किंवा भाडं आपण भरलेलं असतं, मग बदलून द्यायचं काम त्यांचं. स्वतःचा लावणार असाल तर पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा नंबर (कंपनीच्या सेटिंगमधला) असेल तर तो आधी मागून घ्या, आणि ते हातात येईपर्यंत जुन्या डब्याचं मागचं रिसेटचं बारीक भोक पिन घालून दाबू नका, सगळं सेटिंग पुसलं जातं आणि केबलवाला येईपर्यंत घर बिनानेटचं. जुना डबा परत देताना पावती घ्या, त्यावर डब्याचा सीरियल नंबर लिहून घ्या, डिपॉझिट त्याच कागदावर परत मिळतं.