बाटली रोज भरलेलीच परत यायची

लहान मुलांच्या वागण्या-बोलण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या आईबाबांना मी सल्ला देते. दिवाळी संपली की माझ्याकडे येणाऱ्या फोनचा विषय बदलतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत निम्म्या आयांचा प्रश्न एकच असतो. "ताई, चांगली नर्सरी कोणती? एक नाव सांगा, आम्ही डोळे झाकून तिथे घालतो." मी नाव सांगत नाही. का सांगत नाही, ते समजावायचं तर मला चिनूबद्दल सांगावं लागतं. (हे त्याचं खरं नाव नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत, आणि आईबाबांची परवानगी घेतली आहे.)

चिनू पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतो. आई बँकेत, बाबा सॉफ्टवेअर कंपनीत, घरी आजी. ते माझ्याकडे आले ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होऊन दोन महिने झाल्यावर. सकाळी गणवेश हातात घेतला की चिनू म्हणायचा, "पोटात दुखतं." दिवसभर बडबड करणारं पोर घरातही गप्प बसायला लागलं होतं. आणि शाळेत जायच्या आधी चार-पाच महिने दिवसा कोरडा राहणारा मुलगा घरी आल्यावर पुन्हा चड्डी ओली करत होता. आजीचं म्हणणं होतं की लाडावलाय. बाबांचं म्हणणं, होईल सवय, एवढ्या मुश्किलीने ॲडमिशन मिळालीय.

ते "मुश्किलीने" खरं होतं. शाळा हायवेपलीकडची, नावाजलेली. ऑनलाइन फॉर्म निघाला त्या रात्री बाबा बारा वाजल्यापासून लॅपटॉप उघडून बसले होते. पहिल्या वर्षाची फी भरायला आईने एक मुदत ठेव मोडली होती. व्हॅनने जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. वर्गात २८ मुलं, एक टीचर, एक मावशी.

चड्डी ओली होण्याची तक्रार आली की मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. मनाचं कारण शोधण्याआधी शरीराचं बघून घ्यावं. तपासणीत लघवीत संसर्ग निघाला, औषध सुरू झालं, आणि डॉक्टरांनी आईला विचारलं, हा पाणी किती पितो? पुढच्या भेटीत आई मला तेच सांगत होती. "पाण्याचा प्रश्नच नाही हो ताई. बाटली रोज भरून देते. आणि शाळेत काळजी घेतात, संपली की परत भरून पाठवतात. रोज भरलेलीच येते घरी."

मी तिला म्हटलं, उद्या बाटलीत तुळशीची दोन पानं टाकून द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. बँकेतूनच, हळू आवाजात. आजीने बाटली उघडून बघितली होती. पाणी गळ्यापर्यंत तसंच होतं आणि दोन्ही पानं वर तरंगत होती.

म्हणजे सकाळी घराबाहेर पडल्यापासून दुपारी परत येईपर्यंत, जवळजवळ पाच तास, पावणेतीन वर्षांचं मूल पाण्याचा घोट घेत नव्हतं. आणि शूसुद्धा करत नव्हतं. घरी पाऊल टाकल्यावर धरून ठेवलेलं सुटायचं.

का, ते चिनूनेच दाखवलं. माझ्या खोलीत एका ताटलीत कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. महागडी खेळणी बाजूला ठेवून मुलं त्या चिमट्यांशीच जास्त खेळतात. चिनूने दहा-बारा चिमटे सतरंजीच्या कडेला एका ओळीत लावले. ओळ वाकडी झाली की बोटाने सरळ करायचा. मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून त्यांना म्हणाला, "फिंगर ऑन लिप्स." थोड्या वेळाने एक निळा चिमटा ओळीतून उचलला, पुढे उभा केला आणि बारीक आवाजात म्हणाला, "मे आय गो टू वॉशरूम बोल." थांबला. "बोल." पुन्हा थांबला. मग तो चिमटा आडवा पाडून ठेवला आणि दुसरा खेळ काढला.

आईही तिथेच बसली होती. ती बराच वेळ त्या निळ्या चिमट्याकडे बघत होती.

त्या टीचरवर दोष टाकायला मी तयार नाही. जूनमध्येच नोकरीला लागलेली मुलगी, समोर २८ लेकरं, आणि वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं असा वरून आलेला नियम. ती तिचं काम करत होती. पण ज्या मुलाच्या घरात लघवीला "शू" म्हणतात, त्याला ते अख्खं वाक्य आलं नाही. एकदा चड्डी ओली झाली, मुलं हसली. त्यावर त्याने त्याच्या वयाला सुचेल तो उपाय शोधला: पाणीच प्यायचं नाही. हा हट्ट नव्हता. पावणेतीन वर्षांच्या मुलाने केलेली ती सोय होती.

यात वयाचाही मोठा भाग होता. आपल्याकडे ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण होणार असतील तर त्या जूनमध्ये नर्सरीत घेतात. चिनू नोव्हेंबरचा. जूनमध्ये तो ३१ महिन्यांचा होता. त्याच वर्गातलं जानेवारीचं मूल ४१ महिन्यांचं. मोठ्या माणसांत दहा महिने म्हणजे काहीच नाही, पण इथे ते चिनूच्या तोवरच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहेत. शेजारचं मूल चप्पल घालतं, डबा उघडतं, वाक्यात बोलतं, आणि आपल्याला काहीच येत नाही, असं त्याला रोज वाटणार. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या आईबाबांना मी हे आवर्जून सांगते. नियमात बसतंय म्हणून घातलंच पाहिजे असं नाही. एक वर्ष थांबलात तर काही बिघडत नाही.

शाळा बदलायची, इथपर्यंत आई लगेच आली. बाबांना वेळ लागला. एका संध्याकाळी ते एकटेच भेटायला आले आणि म्हणाले, "मॅडम, मी लातूर जिल्ह्यात मराठी शाळेत शिकलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्गात प्रश्न विचारायला हात वर केला नाही, कारण वाक्य इंग्रजीत जुळवेपर्यंत तास संपायचा. माझ्या पोरावर ती वेळ येऊ द्यायची नाही." हे मी खूप बाबांकडून ऐकलंय आणि दर वेळी मला गलबलून येतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "तुम्ही अठराव्या वर्षी वर्गात जे सोसलंत, तेच चिनू तिसऱ्या वर्षाच्या आत सोसतोय. वाक्य जुळत नाही म्हणून तोही गप्प आहे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

इंग्रजी नको असं मी कुणालाच सांगत नाही. गाणी, गोष्टी, खेळ यांतून ती येऊ द्या, भरपूर येऊ द्या. पण भूक, शू, भीती आणि "आई पाहिजे" या चार गोष्टी मुलाला त्याच्या घरच्या भाषेत सांगता आल्या पाहिजेत आणि समोरच्या मोठ्या माणसाला त्या कळल्या पाहिजेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा वयाचा सलग पायाभूत टप्पा धरलाय, त्यात खेळातून शिकण्यावर भर दिलाय आणि शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची किंवा परिसरातली भाषा माध्यम असावी असं म्हटलंय. बाबांना हे वाचून दाखवल्यावर बरं वाटलं. मला मात्र ते पटायला धोरणाची गरज लागत नाही, तो निळा चिमटा पुरतो.

मग मी त्यांना काम दिलं. घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आतल्या दोन ठिकाणी जायचं. ओपन हाउसच्या शनिवारी नाही, शाळा चालू असताना, आधी विचारून. तासभर एका कोपऱ्यात बसायचं, फोन खिशात. अभ्यासक्रमाबद्दल विचारू नका म्हटलं, एकच विचारा: मूल रडलं तर तुम्ही काय करता?

पहिल्या ठिकाणी वर्गात बसू दिलं नाही. सुरक्षेचा नियम आहे म्हणाले, आणि तो असू शकतो, पण मग बाहेरच्या खिडकीतूनही बघू दिलं नाही. कॅमेरे आहेत, मोबाइलवर घरबसल्या दिसेल, असं सांगितलं. भिंतीवर कापसाच्या मेंढ्या चिकटवलेल्या होत्या. बाबांनी मोजल्या, चोवीस. सगळ्यांचे कान एकाच कोनात. ही त्यांची स्वतःची नोंद, मी सुचवलेली नाही. तीन वर्षांची चोवीस मुलं एकसारखी मेंढी करूच शकत नाहीत, म्हणजे त्या मोठ्यांनी केल्या. रडण्याच्या प्रश्नाला उत्तर आलं, "आमच्याकडे मुलं रडत नाहीत. दोन दिवसांत सवय होते."

दुसरी जागा म्हणजे एका जुन्या बंगल्याचा तळमजला. पाटीवर "बालवाडी" लिहिलेलं. बाबा तिथे जायला नाराज होते, "बालवाडी म्हटलं की कमी दर्जाचं वाटतं हो." हे ऐकून मला वाईट वाटलं. या शब्दामागे केवढी मेहनत आहे! बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला, अनुताई वाघांना सोबत घेऊन बालवाडीचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, गारगोट्या हीच शिकायची साधनं. पुढे १९७५ पासून देशात टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या अंगणवाड्यांचं नाव त्याच अंगणातलं. मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, एवढं साधं आणि एवढं अवघड काम होतं ते.

तर बाबा गेले. त्यांनी नंतर फोनमध्ये लिहून ठेवलेलं मला वाचून दाखवलं, त्यातलं थोडं देते. "मुलं १६. बाई दोन, मावशी एक. मावशी तिथे अकरा वर्षं. बाई मुलाशी बोलताना खाली बसते. संडास छोटा, खाली, दार अर्धं, पायरी ठेवलीय. एक मुलगा 'बाई, शू' ओरडत पळाला, मावशी मागे गेली. कुणी हसलं नाही. भिंतीवरची चित्रं काय आहेत ते कळत नाही. भिंतीचा रंग एका बाजूला निघालाय. अंगण लहान. वाळू आहे. एक मुलगी रडत होती. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मांडीवर घेते. मग कढीपत्त्याच्या झाडापाशी नेते, पानं मोजतो. नाहीच राहिली तर आईला फोन करते, त्यात लाज कसली."

शेवटचं वाक्य वाचताना त्यांचा आवाज जरा बदलला.

तरी एक शंका उरली होती. "पण तिथे लिहायला शिकवत नाहीत. मोठ्या गटापर्यंत पेन्सिल नाही म्हणाल्या." मी त्यांना त्यांचंच मनगट धरायला सांगितलं. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चा असते, मऊ. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये त्यातली साधारण तीनच दिसतात, बरीचशी पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत दिसायला लागतात आणि शेवटचं तर त्यानंतरही काही वर्षांनी. बोटांचे स्नायूही तसेच हळूहळू तयार होतात. म्हणून तिसऱ्या वर्षी मूल पेन्सिल मुठीत धरतं. त्या हाताला कणीक मळू द्या, वाटाणे सोलू द्या, वाळूत रेघा ओढू द्या. लिहिणं त्यातूनच येतं. पान-पानभर आडव्या-उभ्या रेघा गिरवून घेतल्या तर हात दुखतो आणि लिहिण्याचा कंटाळा तेवढा लवकर येतो.

सप्टेंबरमध्ये चिनू बालवाडीत गेला. आधीच्या शाळेची फी परत मिळाली नाही आणि ते दुःख त्या घरात बरेच दिवस होतं, मी ते हलकं करून सांगणार नाही. बालवाडी तीनच तासांची, त्यामुळे न्यायला आजींना जावं लागतं, आणि त्यांचा गुडघा दुखतो. दोघं नोकरी करणाऱ्या आणि घरी कुणी नसलेल्या आईबाबांना मी कदाचित पाळणाघर जोडलेली शाळा बघायला सांगितली असती, जरा लांबची आणि महाग असली तरी. म्हणूनच मी नाव सांगत नाही.

पहिला आठवडा आई रजा काढून अंगणात बसली. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटं बाहेर गेली, सांगून. मग वीस. मग अर्धा तास. मी तिला एक गोष्ट बजावली होती: त्याचा डोळा चुकवून कधीही निघू नका. रडला तरी चालेल, पण "आई जाते, डबा खाऊन झाला की येते" असं सांगून जा आणि तेव्हाच या. जी आई न सांगता नाहीशी होते, तिच्यावरची नजर मूल मग घरातही हलवत नाही. चिनू तीन दिवस रडला, चौथ्या दिवशी कढीपत्त्याची पानं मोजायला स्वतः गेला. मोजणं म्हणजे एक, दोन, पाच, दहा.

इतर मुलांच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांचं रडणं मी धरूनच चालते. सोडताना रडलं पण पाठ वळल्यावर खेळायला लागलं, तर काळजीचं कारण नाही. झोप मोडायला लागली, खाणं कमी झालं, बोलणं आटलं, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर मात्र सवय होईल म्हणून थांबू नका. डबा आणि बाटली रोज स्वतः उघडून बघा.

दिवाळीपर्यंत दिवसाची चड्डी कोरडी राहायला लागली. बाटली अर्धी रिकामी येते, कधी कधी वाळू भरून येते. आजी अजून म्हणतात की लाडावलाय.

बाबांची काळजी संपलेली नाही. मध्यंतरी त्यांचा फोन आला, पहिलीचं काय करायचं म्हणून. चिनूच्या पहिलीला अजून बराच अवकाश आहे, पण त्यांनी तीन शाळांना फोन करून विचारलंय, चालू वर्गात तासभर बसू द्याल का. दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्या शाळेने त्यांना मंगळवारी साडेनऊला बोलावलंय.