शेवाळ कमी करण्यासाठी रीफ टँकमध्ये लांब काट्यांचा सी अर्चिन ठेवावा का?

तुमच्या १०० लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, खडकांवर हिरवे शेवाळ माजले आहे आणि दुकानदाराने लांब काट्यांचा सी अर्चिन (समुद्रातला गोल, काटेरी प्राणी) सुचवला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. शेवाळ फस्त करण्यात या प्राण्याचा हात धरणारे फार थोडे आहेत. तरीही इतक्या लहान टाकीत तो ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच्या चरण्याचे मोल कॅरिबियन समुद्रात दिसून आले. १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्याजवळ सुरू झालेल्या साथीत तेथील लांब काट्यांच्या अर्चिनची डायाडेमा अँटिलारम ही जात साधारण वर्षभरात ९० टक्क्यांहून अधिक नष्ट झाली आणि अनेक ठिकाणी शेवाळाने खडक इतके व्यापले, की प्रवाळांच्या नव्या पिल्लांना रुजण्यास जागा उरली नाही.

दुकानांत मिळतो तो बहुधा डायाडेमा सेटोसम. हा हिंद आणि प्रशांत महासागरांतला रहिवासी असून आपल्या लक्षद्वीप व अंदमानातही आढळतो. अंगावरचे पाच पांढरे ठिपके आणि वरच्या बाजूचे नारिंगी कडे यांवरून तो ओळखू येतो. विकत घेताना लिंबाएवढा दिसला, तरी त्याचे काटे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. रात्री चरायला निघाला की न चिकटवलेले प्रवाळाचे तुकडे तो सहज पाडतो, आणि शेवाळाबरोबर खडकावरचा जांभळा कोरलाइन थरही (हवेहवेसे वाटणारे कडक शेवाळ) खरवडतो. शेवाळ संपल्यावर नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) दिली नाही, तर तो उपाशी राहतो. निरोगी अर्चिनवर सावली पडताच काटे त्या दिशेला वळतात. काटे गळू लागणे हे मात्र धोक्याचे लक्षण होय.

तुमच्यासाठी आखूड काट्यांचा टक्सीडो अर्चिन अधिक योग्य ठरेल, पण टाकीत पूर्वी तांबेयुक्त औषध वापरले असेल तर कोणताही अर्चिन आणू नये, कारण तांबे त्यांना विषारी असते. क्षारतेतील अचानक बदलही त्यांना सोसत नाही, म्हणून नव्या प्राण्याच्या भांड्यात टाकीचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब, तास-दोन तास सोडत राहावे. अर्चिन आणण्याआधी पाण्यातले नायट्रेट व फॉस्फेट, म्हणजे शेवाळाला पोसणारी द्रव्ये, मोजून घ्या. ते वाढलेले असतील, तर माशांचे खाणे कमी करणे आणि नियमित पाणी बदलणे ही पहिली कामे आहेत.