व्यायाम करूनही मरगळ? वेळ तपासा

“मॅडम, माझं डोपामिन संपलंय.”

हल्ली माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारी तरुण मुलं पहिल्याच भेटीत हे वाक्य बोलतात. डोपामिन म्हणजे मेंदूत ओढ आणि उत्साह जागवणारं रसायन; त्याबद्दल रील्समध्ये ऐकलेलं असतं. मागची तक्रार बहुतेकांची सारखीच असते: व्यायाम चालू आहे, खाणंपिणं सांभाळतोय, तरी दिवसभर मरगळ आणि रात्री डोळे टक्क उघडे.

निखिल (नाव बदललं आहे) त्यातलाच. कोथरूडला घर, हिंजवडीत नोकरी. अमेरिकेतल्या टीमचे कॉल आटोपले की रात्री साडेनऊला जिम, त्याआधी प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी तरतरी आणणाऱ्या कॅफीनयुक्त पेयाचा ग्लास. अकराला जेवण, मग अंथरुणात मोबाइल. दोन वाजले तरी झोप नाही.

“एवढं वजन उचलतो मी. मेल्यासारखी झोप लागायला हवी ना?”

अशा तक्रारीत मी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगते. त्याचे रिपोर्ट नीट होते. मग त्याला एकच काम दिलं. रात्री आडवं झाल्यावर मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोजायचे, आणि सकाळी अंथरूण सोडायच्या आधी पुन्हा.

पुढच्या भेटीत त्याने घडी घातलेला कागद पुढे केला. रात्री ९६, सकाळी ६४. कागदाकडे बघतच म्हणाला, “म्हणजे मी दमलेलो नसतोच?”

“दमलेला असतोस. पण शरीर अजून जिममध्येच असतं.”

“मला वाटायचं, डोक्यात विचार येतात म्हणून झोप येत नाही.”

“आणि छाती धडधडतेय म्हणून डोकं तिला शोभतील असे विचार शोधून आणत असेल तर?”

तो बराच वेळ गप्प होता. मग सावकाश म्हणाला, “म्हणूनच मॅनेजरशी झालेली सगळी भांडणं रात्रीच आठवतात. तेच रविवारी सकाळी टेकडीवर असलो, की त्याचं काही वाटत नाही.”

या क्षणासाठीच मी शरीरापासून सुरुवात करते. माझे कित्येक सहकारी विचारांपासून सुरू करतात, त्याचेही चांगले परिणाम दिसतात. पण स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून माणसाला जे पटतं, ते मी तासभर समजावूनही पटवू शकत नाही, हे मी आजवर अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

जोरदार व्यायामात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. ते काही मिनिटांतच ओसरतं, पण वाढलेले ठोके आणि तापलेलं अंग निवायला वेळ लागतो. झोप यायची तर शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. त्यात प्री-वर्कआउटमधल्या कॅफीनची भर: पोटात गेलेल्यातलं निम्मं साधारण पाच तासांनीही रक्तात असतं. लहान मुलाला रात्री गुदगुल्या करून खिदळवायचं आणि मग ‘झोप आता’ म्हणून दटावायचं, तसं निखिल रोज स्वतःशी वागत होता. संध्याकाळचा व्यायाम मुळात वाईट नाही, हे आवर्जून सांगते. दमछाक करणारा व्यायाम झोपेच्या अगदी तोंडावर संपला, तर बऱ्याच जणांना त्रास होतो.

“मग सकाळी करू? सकाळी अंगात दमच नसतो.”

“दम आणायलाच जायचंय.” जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीर स्वतःहून कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला जागं आणि सज्ज करणारं संप्रेरक, वाढवतं. त्याला उजेडाची आणि हालचालीची जोड द्यायची. ठरलं असं: उठल्यावर मोबाइल न उघडता बूट घालायचे आणि वेताळ टेकडीच्या दिशेने दहा मिनिटं चालायचं, एवढंच. वजनं नंतर.

बुटांवर मी अडून बसले, त्यालाही कारण आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की सवय लागल्यावर डोपामिनच्या पेशी फळांचा रस मिळताना नाही, तर रस येणार हे सांगणारी खूण दिसताच चेततात. निखिलला ती खूण दाराशी ठेवलेल्या बुटांत मिळावी, रील्समध्ये नाही, असा माझा आग्रह होता. काही आठवड्यांनी तो स्वतःच म्हणाला, “बूट घातले की निम्मं काम होतं.”

दुपारी तीनच्या कॉफीऐवजी ऑफिसच्या विश्रांतीच्या खोलीत वीस मिनिटं योगनिद्रा, म्हणजे पडून, जागं राहून अंग सैल सोडणं. डेन्मार्कमध्ये २००२ साली आठ जणांवर झालेल्या अभ्यासात योगनिद्रेच्या वेळी मेंदूच्या एका भागात डोपामिन सुमारे ६५ टक्के जास्त स्रवल्याचं आढळलं. अभ्यास छोटा आहे, पण पडून राहणं म्हणजे वेळ वाया घालवणं, ही निखिलची समजूत हलवायला तो पुरला. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून योगाची प्रयोगशाळेत तपासणी होते आहे. आपल्याकडे हे काही नवं खूळ नाही.

रात्री कॉल संपले की दिवे मंद, आणि चार अंक श्वास आत, सहा अंक बाहेर, पाच मिनिटं. उच्छ्वास लांबला की ठोके उतरतात. हेही त्याने मोजूनच पाहिलं.

शेवटच्या भेटीत त्याने जरा घाबरतच विचारलं, “शुक्रवारी रात्री मित्रांबरोबर बॉक्स क्रिकेट असतं. सोडू का?”

“मुळीच नाही. मित्र हवेतच. त्या रात्री झोप उशिरा येणार हे धरून चाल. शनिवारी मात्र रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त लोळत पडू नकोस.”