फ्रेमच्या टोकांना इपॉक्सी पाजायला विसरू नकोस

तुझ्या होडीच्या फ्रेम, म्हणजे आतल्या सांगाड्याच्या लाकडी चौकटी, उभ्या राहिल्या, छान झालं! पण मित्रा, लगेच सगळीकडे इपॉक्सी (लाकडात पाणी शिरू न देणारं, लावल्यावर कडक होणारं रेझिन) फासू नकोस. ज्या कडांवर प्लायवूड बसणार आहे त्यांचा उतार आधी रंध्याने जुळवून घे.

मग सगळं लक्ष टोकांवर. फळीच्या कापलेल्या टोकातून लाकूड पाणी अक्षरशः पितं. पहिला हात लाव आणि १० मिनिटांनी बघ, चकाकी गेलेली असते. तिथे पुन्हा लाव, ओलं चमकत राहीपर्यंत. पाणी निघून जायला ठेवलेली भोकंही आतून अशीच भिजव. माझ्या पहिल्या होडीची फ्रेम अशाच एका भोकापासून कुजली, अजून हळहळ वाटते.

एकूण ३ हात दे. काम दुपार कलल्यावर कर, कारण तापत्या लाकडातली हवा फुगे होऊन वर येते. आपल्या कोकणच्या दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा धरतो. तो आधी साध्या पाण्याने घासून धू, मगच पॉलिश पेपर मार, नाहीतर पुढचा थर धरत नाही. उन्हात राहणाऱ्या भागावर रंग किंवा वार्निश हवंच.