सातवीच्या वर्गाचे मासिक विद्यार्थ्यांनीच चालवावे, यासाठी सुरुवात कशी करावी?

पुण्यातील एका मराठी शाळेत मी बरीच वर्षे सातवीला मराठी शिकवले आणि त्यांपैकी सहा वर्षे आमच्या वर्गाचा अंक निघत होता, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे. आपल्या प्रश्नातील ‘विद्यार्थ्यांनीच’ हा शब्द शिक्षकाला पाळायला सर्वांत जड जातो.

पहिल्या अंकात मला तो पाळता आला नाही. मंडईत भाजी विकणाऱ्या आपल्या आजीविषयी एका मुलीने ‘म्हातारी गिऱ्हाइकाशी लय भांडती, पण शेवटाला मूठभर कोथिंबीर फुकट देती’ असे लिहिले होते. मी त्याचे ‘आजी ग्राहकांशी घासाघीस करते, परंतु ती मनाने उदार आहे’ असे केले. अंक हाती आल्यावर तिने आपले पान दोनदा वाचले आणि ‘बाई, हे मी नाही लिहिलेलं’ एवढेच म्हणाली. त्यानंतर मी चुकीच्या शब्दाखाली फक्त पेन्सिलीची रेघ मारू लागले. दुरुस्ती ज्याची त्याने करायची. बोलीतला शब्द ही चूक धरायची नाही, हेही तेव्हाच ठरले. शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार दीर्घ लिहावा, हा नियम तासाला पाठ करूनही जो ठसत नाही, तो स्वतःच्या छापायच्या मजकुरात ‘कवि’चे ‘कवी’ करताना ठसतो. (‘आणि’ त्यातून का सुटतो, यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला होता.)

‘साहित्य द्या’ अशी सूचना फळ्यावर लिहू नये. लिहिली, की पाऊस, आई आणि झाडे लावा या विषयांवरच्या कविता येतात, आणि त्यांतल्या काही पालकांच्या असतात. त्याऐवजी जाऊन विचारावे लागेल असे काम द्यावे: शाळेच्या दारातले गोळेवाले काका बर्फ कोठून आणतात, पीएमपी बसच्या वाहकाला दिवसात किती फेऱ्या कराव्या लागतात, विसर्जनाच्या रात्री आपल्या गल्लीत कोण कोण जागे असते. फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने १९२४ च्या सुमारास वर्गात हातछपाईचे लहान यंत्र आणले होते. मुले बाहेर फिरून जे पाहत ते सांगत, लिहीत, स्वतः खिळे (छपाईची सुटी अक्षरे) जुळवून छापत आणि दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवत. आपल्याला खिळ्यांची गरज नाही, पण दूरच्या एखाद्या शाळेशी अंकांची देवाणघेवाण जरूर ठरवावी, कारण अनोळखी वाचक आहे म्हटल्यावर मुले ‘आमची गल्ली’ कोठे आहे हे आपणहून समजावून सांगू लागतात.

पहिला अंक आठ पानांचाच असावा. ए-फोर आकाराचे दोन कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की आठ पाने होतात. कागद उलगडून पाहिले, तर पहिल्या पानाशेजारी आठवे, दुसऱ्याशेजारी सातवे, तिसऱ्याशेजारी सहावे आणि चौथ्याशेजारी पाचवे येते. म्हणजे शेजारच्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी नऊ. हे मुलांना सांगू नये; कोरा नमुना दुमडून, क्रमांक घालून, पुन्हा उलगडून त्यांनाच शोधू द्यावे. मजकूर सुवाच्य अक्षरात हाताने लिहून झेरॉक्स काढली तरी चालते. एका प्रतीला चारच बाजू लागतात, त्यामुळे खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. मुद्रितशोधन जोडीने करावे: एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पानावर बोट ठेवून तपासायचे.

संपादक तीन असावेत आणि दर अंकाला बदलावेत. हुशार म्हणून ठरलेल्या मुलांकडेच हे काम कायम राहिले, तर बाकीच्यांना तो अंक परका वाटू लागतो. लेख परत करताना संपादकांनी कारण दोन ओळींत लिहून द्यावे. ‘चांगला नाही’ हे कारण आम्ही धरत नव्हतो. ‘गोळ्याची किंमत लिहिली आहे, पण काका कोणत्या गावचे ते विचारलेले नाही’ हे धरत होतो. अंक कसा बांधतात हे पाहण्यासाठी बालभारती १९७१ पासून काढत असलेल्या ‘किशोर’चे दोन-तीन अंक वर्गात ठेवावेत.

नाव ‘मासिक’ ठेवले तरी दरमहा अंक काढण्याचा शब्द मात्र देऊ नये. चाचण्या, स्नेहसंमेलन आणि सहली यांतून वर्षाला दोन अंक निघतात: एक दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, दुसरा २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला. दुसऱ्याची तयारी नाताळापूर्वीच सुरू करावी.