सांगलीतल्या गावभागाजवळची जुनी परमिट रूम कायमची बंद झाली का? पुन्हा सुरू होईल का?

आमच्या घरापासून चार पावलांवर आहे, म्हणून सांगतो. कुलूप आहे, पाटीही आहे. परवाना जिवंत आहे की नाही, खरा प्रश्न तो.

२०१७ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाच्या हायवे-बंदीत ५०० मीटरच्या आतले बार बंद पडले, तेव्हा हीही पडली. जुलैमध्ये शहर हद्दीला सूट मिळाली आणि शटर वर गेलं. मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर, फ्रीज, लाकडी केबिन, उधारीची वही, सगळं चिखलात. (वही गेल्याचं काहींना दुःख झालं नाही.) जेमतेम सावरले तोवर मार्च २०२० चं लॉकडाऊन, आणि २०२१ ला पुन्हा पूर.

आता पुढचं. एफएल-३, म्हणजे परमिट रूमच्या परवान्याचं दरवर्षी नूतनीकरण लागतं, फी भरावी लागते, धंदा होवो न होवो. मालक वारल्यावर वारसांची नावं चढवावी लागतात आणि भावाभावांत एकमत नसेल तर फाईल हलत नाही. इथं नेमकं तेच अडलंय. वाईन शॉपचे नवे परवाने कित्येक दशकं निघत नाहीत, म्हणून त्यांना सोन्याचा भाव. परमिट रूमचं तसं नाही, नवा परवाना मिळू शकतो. त्यामुळे जुना विकत घ्यायला कोण धावणार? त्यात २०२३ मध्ये बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, २०२५ मध्ये उत्पादन शुल्कही वाढलं. गिऱ्हाईक बाटली घेऊन घरीच बसतं.

माझा अंदाज: जागा विकली जाईल, खाली मेडिकल आणि वर फ्लॅट. तिथला अंडा मसाला मात्र परत मिळायचा नाही.